दहापैकी चार

अमेरिकेत घर शोधायला लागलं की संकेतस्थळावर प्रत्येक घराच्या फोटोखाली आकडे दिसतात. किंमत किती, बेडरूम किती, क्षेत्रफळ किती, आणि थोडं खाली गेलं की जवळच्या सरकारी शाळेला दहापैकी गुण किती. आमच्या मुलीची शाळेत जायची वेळ आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेपुढे होता ४. दहापैकी चार! आपल्याकडे पस्तीसला पास म्हणतात, त्या हिशोबाने काठावर पास. देसी मित्रमंडळींचं लगेच एकमत झालं, "घर विका आणि नऊवाल्या भागात जा."

आम्ही गेलो नाही. मुलगी आता त्याच शाळेत जाते. आमची शाळा किती छान म्हणून आरती ओवाळायला हा लेख नाही. तो आकडा नक्की काय मोजतो आणि शाळा पारखायची तर काय बघावं, एवढंच सांगायचं आहे.

तिकडच्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. फोनवर आईची पहिली प्रतिक्रिया होती, "अरे, एवढी डॉक्टरेट केलीस आणि पोरीला सरकारी शाळेत घालणार?" (आई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, पण ते असो.) इथे दहापैकी आठ-नऊ मुलं सरकारी शाळेतच जातात. फी नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही. तुमचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत पडतो ती तुमची शाळा. ऐकायला रामराज्य वाटतं!

मेख आहे ती पत्त्यात. शाळा चालवतं स्कूल डिस्ट्रिक्ट. आम्ही राहतो त्या पिट्सबर्गच्या परिसरात, म्हणजे ॲलेगेनी काउंटीत, अशी ४३ डिस्ट्रिक्ट आहेत. पेनसिल्व्हेनियात शाळांचा अर्ध्याहून अधिक पैसा स्थानिक करांतून येतो, आणि त्यातला मोठा वाटा घरपट्टीचा. म्हणजे महागड्या घरांच्या गावात शाळा श्रीमंत आणि पडक्या गिरणीच्या गावात गरीब. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या अशाच एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ही विषमता देशाच्या राज्यघटनेविरुद्ध नाही. आमच्या राज्यातल्या न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये इथली निधीवाटपाची पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही असा निकाल दिला. पण न्यायालयाने निकाल दिला म्हणून शाळेचं गळकं छत दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही.

तेव्हा फुकट शाळेलाही फी आहे, ती घराच्या किमतीत मिसळलेली असते इतकंच. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली होती. घरं एकमेकांच्या जवळ, पण शाळेच्या हद्दीच्या दोन बाजूंना. परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूला घरांना अडीच टक्के जास्त किंमत मोजली जात होती. आपल्याकडे डोनेशन एकदाच द्यावं लागतं, इथे ते तीस वर्षांच्या हप्त्यांत फेडायचं!

आता त्या आकड्याकडे. ग्रेटस्कूल्स नावाची संस्था १९९८ पासून शाळांची माहिती गोळा करते, आणि घरं विकणारी संकेतस्थळं तिचे गुण उचलतात. त्या गुणांचा मोठा आधार म्हणजे राज्याच्या परीक्षा. २००२ साली लागू झालेल्या कायद्यापासून तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते. आमची शाळा किंडरगार्टन ते पाचवी. म्हणजे मूल शाळेत येतं, वाचायला शिकतं, बेरीज शिकतं, त्या पहिल्या तीन वर्षांचा त्या गुणांत थेट हिशोबच नाही!

मी पोटासाठी मोजमापाचंच काम करतो, त्यामुळे खोड जात नाही. समजा एका इयत्तेत ६० मुलं आहेत. एक मूल म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. निम्मी मुलं उत्तीर्ण होणाऱ्या शाळेत नुसत्या योगायोगाने त्या इयत्तेचा निकाल साडेसहा टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. आमच्या प्रयोगशाळेत असं यंत्र कोणी विकत घेणार नाही.

पण ही त्यातल्या त्यात छोटी अडचण. मोठी अडचण अशी, की परीक्षेचे गुण शाळेपेक्षा घर जास्त मोजतात. १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हाच दिसलं होतं की गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. अलीकडे स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी सरासरी गुण आणि प्रगती यांचा वेगळा हिशोब मांडला. मूल तिसरीत कुठे होतं आणि आठवीत कुठे पोचलं, ती प्रगती. शिकागोच्या सरकारी शाळांमधली मुलं गरीब घरांतली, सरासरी गुण कमी. पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकली असं त्यांना आढळलं. सरासरी बघून शिकागोतून पळणारा पालक काय सोडून पळाला?

ग्रेटस्कूल्सनेही २०२० मध्ये प्रगतीचं वजन वाढवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण माणसाचा डोळा बघतो तो एकच आकडा.

तुम्हाला हे परकं वाटत असेल तर जूनमध्ये आपल्या चौकात लागणारे "दहावीचा निकाल १००%" असे फलक आठवा. त्यातल्या काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडवतात किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात, हे आपल्यातल्या कोणाला माहीत नाही? फलकावरून कळतं ते परीक्षेला कोणाला बसू दिलं. इथे कोणी मुलाला बाहेर काढत नाही. ते काम घराची किंमत परस्पर करते.

मग बघायचं काय? आम्ही बघितलं ते सांगतो.

पहिलं, प्रगती. आमचं राज्य प्रत्येक शाळेची प्रगती वेगळी मोजतं आणि ती कोणालाही पाहता येते. आमच्या चारवाल्या शाळेची प्रगती अपेक्षेपेक्षा जास्त होती, आणि एका नऊवाल्या शाळेची जेमतेम अपेक्षेइतकी.

दुसरं, वाचायला कसं शिकवतात. आपल्या बाराखडीत अक्षर आणि उच्चाराचं लग्न पक्कं असतं, इंग्रजीत रोज भांडण. तरीही इथल्या कितीतरी शाळांत वर्षानुवर्षं "चित्र बघ आणि शब्द ओळख" चाललं होतं. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ध्वनींपासून वाचन शिकवण्यावर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. चौथीच्या वाचनात ते राज्य तेव्हा देशात ४९वं होतं, २०२४ मध्ये पहिल्या दहात आलं. हा प्रश्न मुख्याध्यापिकेला विचारा, उत्तर किती नेमकं येतं ते बघा.

तिसरं, गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. चौथं, वर्षाच्या साधारण १८० दिवसांपैकी अठरा किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती आणि त्यांच्यासाठी शाळा काय करते. आणि पाचवं, भरल्या शाळेत एक चक्कर. मुलं बोलताना शिक्षक खाली वाकून ऐकतात का, हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

बायकोचा एक प्रश्न मात्र खरा होता. "आपली मुलगी वाचते. वर्गात निम्म्या मुलांना अजून अक्षरं येत नाहीत. हिच्याकडे कोण बघणार?" मुलगी म्हणजे काही माझा प्रयोग नव्हे, तत्त्वासाठी तिला वापरायचा मला अधिकार नाही. आम्ही तेच शाळेला विचारलं. वाचनाचे गट वेगवेगळे करतात, दर काही आठवड्यांनी बदलतात, हे दाखवल्यावरच आमचा निर्णय झाला. प्रगती खालावलेली असती, किंवा मुलीला विशेष मदत लागत असती आणि ती तिथे नसती, तर मीही सामान बांधलं असतं. तसं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण शाळेच्या आत पाऊल न टाकता, नुसता आकडा बघून जे जातात त्यांच्याबद्दल मला तक्रार आहे. शिकलेली घरं चार बघून निघून गेली की पुढच्या वर्षी तिथे तीन होतो, आणि मग गेलेले म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो!" आपल्या महापालिकेच्या शाळांचं दुसरं काय झालं? तिथून आधी आपण उठलो, मग दर्जा गेला, आणि आता दर्जा नाही म्हणून आपण जात नाही. शाळेला गुण देणाऱ्यांत आपणही असतो, एवढं तरी घर विकायच्या आधी लक्षात ठेवावं.