तासाला एक विमान

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की मिशिगनमधल्या विलो रन कारखान्याचं कौतुक हमखास होतं. फोर्डने तिथे मोटारींसारखी बी-२४ लिबरेटर ही अवजड बॉम्बफेकी विमानं बनवली. १९४४ मध्ये तर जवळजवळ तासाला एक! पण सुरुवातीला काम इतकं रखडलं होतं की लोक 'विल इट रन?' म्हणून टिंगल करत. कामगार टिकतच नव्हते. टिकणार कसे? राहायला घरं नव्हती, कित्येकजण ट्रेलरमध्ये दिवस काढत होते. पुढे सरकारने वसाहती बांधल्या, हजारो बायका रिव्हेट मारायला उभ्या राहिल्या. मला विचाराल तर सगळं श्रेय असेंब्ली लाइनला देणं हा अन्याय आहे. विमानं माणसांनी बनवली, आणि माणसाला आधी डोक्यावर छप्पर लागतं.