रजोनिवृत्तीचे धुके आणि 'नैसर्गिक' उपायांचा बाजार

नेमका शब्द ओठांवर येऊन अडतो. गॅस बंद केला की नाही, हे आठवत नाही. कार्यालयातील बैठकीत मुद्दा मांडता मांडता विचारांचा धागा सुटतो. पंचेचाळिशीच्या आसपास अनेक स्त्रियांना हा अनुभव येतो. 'ब्रेन फॉग' या नावाने आता त्याची चर्चा होऊ लागली आहे. घरच्यांच्या लेखी हा वेंधळेपणा असतो. त्या स्त्रीच्या मनात मात्र स्मृतिभ्रंशाची भीती घर करते.

ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. पाश्चात्त्य देशांत पाळी थांबण्याचे सरासरी वय ५१ च्या सुमारास असले, तरी भारतात ते ४६-४७ आहे. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी सतत वर-खाली होत राहते. स्मरण आणि एकाग्रता सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांवर या संप्रेरकाचा प्रभाव असतो. त्यातच रात्री अंगातून वाफा येऊन घाम फुटतो, झोप मोडते आणि दिवसा लक्ष लागत नाही. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासात २,३६२ स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी अनियमित असण्याच्या काळात नवे शिकण्याचा वेग मंदावतो. पाळी पूर्ण थांबल्यानंतर तो पूर्ववत होतो, असे त्यातून दिसले. धुके विरते, ते कायमचे नसते.

मग उपचारांचे काय? अमेरिकेत २००२ मध्ये संप्रेरकांच्या एका मोठ्या चाचणीचा भाग स्तनाच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका दिसल्याने मुदतीआधी थांबविण्यात आला आणि जगभरातील स्त्रियांनी या औषधांची धास्ती घेतली. या औषधांवरील बहुतांश ठळक इशारे काढण्याचा निर्णय तेथील औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तरीही केवळ विस्मरणासाठी संप्रेरके घ्यावीत, असे तज्ज्ञ आजही सुचवीत नाहीत. मधल्या काळात निर्माण झालेली पोकळी 'नैसर्गिक' या शब्दाने भरून काढली.

येथेच सावधगिरीची गरज आहे. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण चुकीचे आहे. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. दुसरा धोका अधिक घरगुती आहे. थायरॉइडचा विकार, शाकाहारी व्यक्तींमध्ये आढळणारी बी-१२ ची कमतरता, अतिरक्तस्रावामुळे येणारा रक्तक्षय आणि नैराश्य यांची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात. साध्या रक्ततपासणीत यातील बरेच काही कळते. चूर्णाची बाटली उघडण्याआधी ही तपासणी व्हावयास हवी. ओळखीचे रस्ते चुकू लागले किंवा नित्याचे व्यवहार जमेनासे झाले, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडे जाणेच इष्ट.

खरे नैसर्गिक उपाय बाजारात मिळत नाहीत. ठरलेल्या वेळी झोप, निजण्याची खोली थंड, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालणे आणि जोडीला स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. जेवणात डाळी, उसळी, पालेभाज्या. एका वेळी एकच काम हाती घेणे आणि बाकीचे वहीत टिपून ठेवणे, हाही उपायच. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने नोव्हेंबर २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनात रजोनिवृत्तीच्या त्रासावर विचार व वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धती हा एक पर्याय म्हणून स्वीकारला आहे.

प्रश्न आहे तो या उपायांना लागणाऱ्या वेळेचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची औषधे, स्वयंपाक आणि नोकरी यांचे वेळापत्रक एकटीनेच डोक्यात वागवायचे असेल, तर शांत झोप आणि सकाळचा फेरफटका यांना जागा उरते कुठे? त्या मेंदूवर संप्रेरकांइतकाच या ओझ्याचाही भार आहे.

कार्यालयांची स्थिती निराळी नाही. भारतीय कायद्याने नोकरदार स्त्रीचे मातृत्व ओळखले. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. रजोनिवृत्तीचा मात्र त्यात विचार नाही. ब्रिटनमधील समानता आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकांना बजावले, की या लक्षणांचा दैनंदिन जीवनावर दीर्घकाळ गंभीर परिणाम होत असेल, तर ती कायद्याने अपंगत्व ठरू शकतात. आपल्याकडे वेळेची थोडी लवचिकता, हवेशीर जागा आणि तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना एवढे जरी मिळाले, तरी अनुभवाच्या ऐन भरात असलेल्या अनेक स्त्रियांची उमेद टिकेल.

हे धुके काही काळाने आपोआप निवळते. तोवर तिच्या डोक्यावरचा भार कोण वाटून घेणार, याचे उत्तर औषधाच्या दुकानात नाही. ते तिच्या घरात आणि कार्यालयात शोधावे लागेल.