थैली सोडण्यापूर्वी

लंडनच्या बिल्डर-एआय कंपनीचे दिवाळे मे २०२५ मध्ये वाजले. मोबाइलचे ॲप बनवून घेणे पिझ्झा मागविण्याइतके सोपे करू, अशी तिची जाहिरात असे. आणि हे काम 'नताशा' नावाची आपली कृत्रिम बुद्धिमत्ता करते, असे ती सांगत असे. या नताशाच्या भरवशावर मायक्रोसॉफ्टसारख्या मातबर कंपनीने आणि कतारच्या सरकारी गुंतवणूक निधीने आपल्या थैल्या मोकळ्या सोडल्या होत्या. अखेरीस जी वृत्ते बाहेर आली त्यांनुसार, २०२४ ची जी विक्री धनकोंपुढे सुमारे २२ कोटी डॉलर म्हणून मांडली होती ती प्रत्यक्षात पाच कोटींच्या आसपास भरली. एका धनकोने कंपनीच्या खात्यातील ३ कोटी ७० लाख डॉलर उचलले आणि सारा डोलारा कोसळला.

सातशे भारतीय अभियंते यंत्राचे सोंग घेऊन बसले होते, ही कहाणी त्यानंतर जगभर फिरली. तीत तिखटमीठ बरेच आहे आणि तेथील जुन्या अभियंत्यांनीच ती खोडून काढली आहे. आम्हांस त्या कहाणीपेक्षा एक जुनी तारीख अधिक महत्त्वाची वाटते. कंपनी एंजिनिअर-एआय या नावाने वावरत होती तेव्हाच, ऑगस्ट २०१९ मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलने छापले होते की, यंत्राच्या नावावर खपविले जाणारे बहुतेक काम भारतातील व अन्यत्रचे अभियंतेच करीत आहेत. असे असूनही २०२३ मध्ये, कतारच्या निधीच्या पुढाकाराने, तीच कंपनी आणखी २५ कोटी डॉलर उभे करू शकली! संस्थापकांना दोष देणारे पुष्कळ आहेत. डोळे मिटून पैसा देणाऱ्यांस मात्र कोणी जाब विचारीत नाही.

आमचा शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपूनही पाहतो. कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्यांस हे शहाणपण नव्याने शिकवावे लागावे, हे नवलच म्हणावयाचे.

काम यंत्र किती करते आणि माणसे किती, हा तर पहिलाच प्रश्न. ते यंत्र कशावर पोसले गेले, हा त्याहून अवघड. अमेरिकेतील एव्हरअल्बम या कंपनीने, लोकांनी जपून ठेवण्यासाठी सोपविलेली छायाचित्रे वापरून चेहरे ओळखणारी यंत्रणा घडविली. २०२१ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नुसती छायाचित्रे पुसावयास सांगितली नाहीत, तर त्यांतून तयार झालेली मॉडेलेही नष्ट करावयास लावली. याचा अर्थ गुंतवणूकदारांनी नीट ध्यानात घ्यावा. गिरणीवर जप्ती आली तरी साचे उरतात. येथे ज्या मालमत्तेसाठी पैसा ओतला तीच एका आदेशाने शून्य होते. लोकांच्या संमतीचे कागद तपासणे हे पुण्यकर्म नव्हे, तो रोकडा हिशेब आहे.

पाच-दहा तरुणांनी चालविलेल्या कंपनीवर इतके ओझे टाकल्यास ती उमलण्यापूर्वीच कोमेजेल, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. गाणी सुचविणाऱ्या आणि कर्ज नाकारणाऱ्या यंत्रास एकच कसोटी लावणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. परंतु कर्ज, नोकरी, औषधोपचार यांचा निर्णय जेथे यंत्र करणार, तेथे चूक झाल्यास उत्तर कोण देणार, हे पैसा देण्याच्या करारातच लिहिलेले असावयास हवे.

कायदा हे काम करील म्हणून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, अशीच भूमिका घेतली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यापुढे आणखी अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची. कायदा अशा सावकाश पावलांनी येतो तेव्हा दाराशी पहारा पैसा देणाऱ्याचाच असतो.

आणि हा पैसा देणारा नेहमी परदेशीच असतो असे नाही. नवोद्योगांसाठी १० हजार कोटींचा निधी केंद्राने २०१६ मध्ये सिडबीच्या हाती सोपविला. तो सेबीकडे नोंदलेल्या खासगी निधींमार्फत पुढे जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी तेवढ्याच रकमेची घोषणा झाली. इंडिया-एआय मोहिमेला २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी मंजूर झाले ते निराळेच. म्हणजे पुण्या-मुंबईच्या नवोद्योगांत आमचे वाचकही, कर भरणारे नागरिक या नात्याने, गुंतवणूकदार ठरू शकतात. तेव्हा आमची मागणी साधी आहे. सिडबीने पुढील हप्ता सोडण्यापूर्वी प्रत्येक निधीकडून लेखी घ्यावे: कंपनीचे यंत्र कोणी चालवून पाहिले, माहिती कोठून व कोणाच्या संमतीने आली, आणि तक्रार आल्यास ती कोण ऐकेल. ही उत्तरे सिडबीच्या कपाटात न राहता दरवर्षी संसदेपुढे ठेवली जावीत.