तळं कुणाच्या बापाचं?

मंडळी, स्वीडनचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले आणि अपेक्षेप्रमाणे दोन उत्तरं आली. पहिलं, "पैसेवाल्यांची चैन आहे रे ही." दुसरं, "आपल्याकडे असं होणं शक्य नाही, आपल्या लोकांना शिस्तच नाही." मला दोन्ही पटलेली नाहीत, म्हणून शनिवारची झोप मोडून हे लिहितोय.

आधी काय झालं ते सांगतो. ऑनसाईटला व्हेस्टरोस नावाच्या गावात होतो. टीममधल्या एकाकडे पायलटचं लायसन्स. एका शनिवारी म्हणाला, चल सिल्यान्सनेसला जाऊ. क्लबचं चार सीटचं सेस्ना १७२, भाड्याचा खर्च वाटून घ्यायचा. तासाभराचा प्रवास. खाली नुसतं जंगल, मधे मधे लाल घरं (हा लाल रंग फालूनच्या जुन्या तांब्याच्या खाणीतून येतो), आणि मग अचानक समोर सिल्यान तळं. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली. आपलं लोणारही उल्केचंच, पण त्याचा व्यास दोन किलोमीटरच्या आत, आणि हे विवर पन्नास किलोमीटरच्या वर!

धावपट्टीवर कंट्रोल टॉवरमधून परवानगी देणारा कुणी नाही. प्रत्येक पायलट रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगतो, बाकीचे ऐकतात आणि आपापला नंबर ओळखून उतरतात. शेजारीच वैमानिकांची वस्ती. आपल्याकडे घरापुढे गाडीचं पार्किंग असतं तसं तिथे विमानाचं हँगर. विमान उतरवायचं आणि चालवत थेट घरी न्यायचं. इथपर्यंत चैन आहेच, कबूल.

पण पुढे ऐका. आम्ही चालत तळ्याकडे निघालो. वाटेत झाडांतून जाणारी एक पायवाट दिसली. मी सवयीने विचारलं, "इथून जायला चालतं ना? कुणाची जागा आहे?" त्याला प्रश्नच कळला नाही. जागा कुणाची का असेना, चालायला काय हरकत?

तिथे 'अलेमान्सरेट्टन' नावाचा प्रकार आहे. म्हणजे सर्वांचा हक्क. दुसऱ्याच्या रानातून चाला, बोरं-बेरी तोडा, एखादी रात्र तंबू ठोका. फक्त कुणाच्या अंगणात घुसू नका आणि नासधूस करू नका. शिवाय किनाऱ्यासाठी वेगळा कायदा. पाण्यापासून सहसा १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, १९७५ पासून देशभर. म्हणजे विमानवाला असो की सायकलवाला, पाण्यात पाय सोडून बसायला दोघांना सारखाच हक्क. आम्ही बसलो. पाणी इतकं गार, की दोन मिनिटांत बाहेर!

आता मुद्द्यावर येतो. मी गेल्या वर्षी इथे एका टाउनशिपमध्ये फ्लॅटचं टोकन भरलंय. ब्रोशरवर स्कँडिनेव्हियन स्टाईल वगैरे लिहिलंय, चित्रात तळं आणि गोऱ्या माणसांचं कुटुंब. 'लेक फेसिंग' म्हणून जास्तीचे पैसे. साईटवर गेलो तेव्हा तळ्याभोवती पत्रे ठोकलेले. पूर्वी तिथे शेजारच्या गावातली गुरं पाण्यावर यायची. मी सेल्सवाल्याला विचारलं, गावातली माणसं आता कुठून येणार? त्याला वाटलं मला भीती वाटतेय. म्हणाला, "टेन्शन घेऊ नका सर, कुणीही येणार नाही."

हे आपलं स्कँडिनेव्हिया! तिथून आपण खिडक्यांचा आकार आणला, पांढरा रंग आणला, आणि ज्याच्यामुळे ते तळं बघावंसं वाटतं तेवढं सोडून आलो. शिस्तीचं तुणतुणं तर वाजवूच नका. शिस्त त्या सहकाऱ्याच्या रक्तात नाही, कायद्यात आहे आणि शाळेपासूनच्या सवयीत आहे. पत्रे ठोकणारेही अशिक्षित नव्हते, आणि पैसे भरणारा मी तर इंजिनियर आहे.

लोकसंख्येचं म्हणाल, तर त्यांची वस्ती विरळ आहे हे खरंच. पण गर्दी जास्त म्हणून किनारा मोजक्या लोकांना द्यायचा, हे कुठलं गणित? गर्दी असेल तर तो सगळ्यांसाठी राखायची गरज जास्तच ना? आणि ते लोकही संत नाहीत. किनाऱ्याच्या कायद्यातून सूट मिळवण्यासाठी तिथेही भांडणं चालतात. स्टॉकहोमजवळचं बारकार्बीचं छोटं विमानतळ २०१० मध्ये बंद झालं आणि तिथे घरं उठली. हौसेसाठी विमान उडवून हवा खराब करण्याबद्दल तर त्यांच्यात 'फ्लिगस्काम', म्हणजे उडण्याची लाज, असा शब्दच आहे. ती लाज मलाही थोडी वाटली. पण टोकन भरल्याची लाज त्याहून जास्त वाटते.

असो. टोकन अजून परत मागितलेलं नाही, खोटं कशाला बोलू. घरी आई-बाबा खूश आहेत, लोन मंजूर झालंय. पण करारावर सही करायच्या आधी एक गोष्ट लेखी मागणार आहे: तळ्याकडे जाणारी एक वाट, गावासाठीही उघडी. बिल्डर हसेल बहुतेक. तुमच्यापैकी ज्यांनी 'लेक फेसिंग' बुक केलंय, त्यांनीही मागून बघा. एकट्यावर हसणं सोपं असतं, चाळीस जणांवर तेवढं नाही.