एका रात्रीची खोली

बँकेच्या नोकरीत इन्स्पेक्शनच्या निमित्ताने गावोगावच्या लॉजवर एकटा राहिलो. कोणी कारण विचारले नाही. निवृत्तीनंतर दक्षिण मुंबईतल्या एका देखण्या हॉटेलात एक रात्र काढायला गेलो, तेव्हा आधार कार्डावरचा भाईंदरचा पत्ता पाहून काउंटरवरचा तरुण थबकला. ‘काका, घरी सगळं ठीक आहे ना?’

अगदी ठीक होते. मला फक्त एक रात्र कोणाचा नवरा, बाप किंवा आजोबा न होता झोपायचे होते.

१९०३ साली ताज उघडले, ते बोटीतून उतरणाऱ्यांच्या सोयीच्या धक्क्याजवळ. हॉटेल परगावच्यांसाठीच, हा समज आजही टिकून आहे. स्थानिकाला खोली देऊ नये असा कायदा नाही. तरी स्थानिक पत्ता दिसताच नकार देणारी हॉटेले आहेत. ओळखपत्र जरूर पाहावे, नोंद ठेवावी. कारण मागू नये. मीरा-भाईंदरच्या वन-रूम-किचनमध्ये पाच माणसे राहतात, तिथे मिटता येणारे दार ही चैन नव्हे, गरज आहे.

खोली मिळाली. घरी परतल्यावर पत्नीला म्हटले, ‘पुढची रात्र तुझी.’

ती म्हणाली, ‘तुम्हाला एवढंच विचारलं. मला काय काय विचारतील?’

माझ्याकडे उत्तर नव्हते.