हृदय ‘मोठे’ झाले म्हणजे काय झाले?

‘हार्ट जरा मोठे झाले आहे’ असे नातेवाइकांना सांगून आपण मोकळे होतो. एक्स-रेवरची सावली फुगलेली असते खरी. पण कप्पा पसरला की स्नायूची पेशीच जाड झाली, हे त्या सावलीवरून कळत नाही. जिवाणूंची दोन विषे शेजारी ठेवली की हा फरक लख्ख दिसतो.

पहिले घटसर्पाचे. डिप्थेरियाचे विष पेशीतले ईएफ-२ हे प्रथिन निकामी करते आणि पेशीचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच बंद पडतो. विषाच्या मारक तुकड्याचा एक रेणूही पेशीला पुरेसा होतो. हृदयाच्या पेशी मरतात, कप्पा पसरतो.

पाश्चुरेला मल्टोसिडाच्या विषाची तऱ्हा वेगळी. डुकरांच्या नाकाची हाडे झिजवणारे हे विष. (गुरांच्या ज्या रोगाला शेतकरी घटसर्प म्हणतात तोही पाश्चुरेलाचाच, पण त्या प्रकारच्या जिवाणूत हे विष सहसा नसते.) एरवी अँजिओटेन्सिन किंवा नॉरअॅड्रेनालिन रिसेप्टरवर बसले की आत जी-क्यू प्रथिन चालू होते आणि जीटीपी फोडून आपले आपण बंद होते. त्या बंद होण्यासाठी २०९ क्रमांकाचे ग्लुटामिन लागते. विष नेमके त्याचेच ग्लुटामिक आम्ल करून टाकते. बटण चालूच राहते. कॅल्शियम, पीकेसी, ईआरके असे निरोप पुढे जात राहतात.

उंदरांच्या नवजात पिल्लांच्या हृदयपेशींवर हे विष घालून पाहिले, त्याचा शोधनिबंध २००२ मध्ये आला. पेशी आकाराने वाढल्या, एएनएफचे जनुक जागे झाले. म्हणजे रक्तदाबाशिवाय, झडप न बिघडता हायपरट्रॉफी! पण त्याच पेशींत एकेटी हा जगवणारा निरोप मंदावला आणि त्या मरणाला अधिक सोप्या झाल्या. जाडी आणि मरण एकाच बटणावर आहेत, ही त्या निबंधातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. शिवाय बिघाड रिसेप्टरच्या खालच्या पायरीवर आहे. रिसेप्टर अडवणारी औषधे तिथे पोचायची कशी?

हे सारे बशीतल्या पेशींचे आहे. पाश्चुरेला मांजराच्या तोंडातही असतो, म्हणून मांजर चावलेल्या प्रत्येकाचा इको काढायला कुणी धावू नये. इको काढलाच तर ‘एलव्हीएच’ एवढ्यावर न थांबता भिंतीची जाडी आणि कप्प्याचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहावा. मायोकार्डायटिसमध्ये जाड दिसणारी भिंत नुसती सुजलेलीही असू शकते.

आणि घटसर्पाचा संशय आला तर घशाचा स्वॅब जरूर पाठवा, ईसीजी रोज पाहा, पण रिपोर्टसाठी अँटिटॉक्सिन थांबवू नका. पेशीत शिरलेल्या विषाला ते गाठू शकत नाही.