पाय मोजा, मग नाव सांगा!

बालमित्रांनो, पानावर अळी दिसली की आपण लगेच म्हणतो, "हिचं आता फुलपाखरू होणार!" पण एक अळी सगळ्यांना चकवते. तिचं ना फुलपाखरू होतं, ना पतंग. तिची होते नारिंगी अंगाची, धुरकट पंखांची छोटीशी माशी. इंग्रजीत तिला सॉफ्लाय म्हणतात. 'सॉ' म्हणजे करवत, म्हणून आपण तिला करवतमाशी म्हणूया. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो. त्याने ती पानाला चीर पाडते आणि आत अंडं घालते. नावात माशी असली, तरी ती घरमाशीच्या नात्यातली नाही बरं का! मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी ही तिची भावंडं.

ही अळी शोधायची कुठे? अळी ओळखण्याची पहिली खूण तिच्या अंगावर नसतेच, ती असते तिच्या ताटात! कढीलिंबावरची हिरवी अळी बहुधा लिंबाच्या फुलपाखराची. करवतमाशीच्या या अळीला मात्र मोहरी, मुळा, कोबी अशी पानं लागतात. डहाणू तालुक्यातल्या सरावलीत काय किंवा तुमच्या गावात काय, भात कापून झाल्यावर कुणी मुळा-मोहरी पेरली असेल, तर सकाळी लवकर पानं उलटून बघा. काळपट हिरवी, पाठीवर पट्टे असलेली अळी दिसली, तर काडीने हळूच हात लावा. ती मेल्याचं सोंग घेऊन टपकन खाली पडते.

आता पाय मोजा. छातीचे खरे पाय दोन्हींकडे ३ जोड्या. पोटाखालचे मऊ पाय मात्र वेगळे. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला ते जास्तीत जास्त ५ जोड्या, म्हणजे एकूण १६ पाय. उंटअळीला तर त्याहूनही कमी. मोहरीवरच्या करवतमाशीच्या अळीला ८ जोड्या, म्हणजे एकूण २२! भिंग असेल तर डोळेही पाहा. हिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठळक काळा ठिपका असतो. फुलपाखराच्या अळीला तिथे बारीक ठिपक्यांचा पुंजका असतो.

"एवढी मोजामोज कशाला?" असं आईबाबा विचारतील. त्यांना सांगा, अळ्यांसाठी बीटी नावाच्या जिवाणूची जी पावडर भाजीवर फवारतात, ती पतंगांच्या अळ्यांवर चालते, करवतमाशीच्या अळीवर चालत नाही. ओळख चुकली की पैसेही जातात आणि रोपंही! ओळख पटली, तर सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचता येतात. कोवळ्या रोपांना भरपूर पाणी दिलं, तरी पुष्कळ अळ्या बुडून मरतात.

आणखी एक गंमत. बहुतेक कीटकांच्या जाती उत्तरेकडे जावं तसतशा कमी होत जातात. करवतमाश्यांचं मात्र उलटं! फिनलंडसारख्या थंड देशांत त्यांच्या जातीच जाती आहेत. तिथल्या कितीतरी अळ्या विलो आणि बर्च या झाडांवर जगतात. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद आणि बर्च म्हणजे हिमालयातल्या भूर्जाचा. तिथले अभ्यासकही अळी सापडली की आधी झाडाचं नाव टिपून घेतात.

तर मग वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, झाड, रंग, पाय. फवारलेल्या शेतात विचारल्याशिवाय शिरू नका आणि केसाळ अळीला हात लावू नका. तुमचा आकडा १६ च्या वर गेला का? आम्हाला जरूर कळवा!